मास्तरांच्या मशीनचा वाकडा ‘र’

मी वर्षाराणीला बघायला परभणीला गेलो होतो असं नातेवाईक सांगतात, पण खरं म्हणजे त्या दिवशी तपासणी माझीच झाली. माझे पोहे संपेपर्यंत तिने माझ्या शर्टाचं एक बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने लावलेलं आहे हे हेरून ठेवलं होतं. निघताना दारात म्हणाली, "तिसरं बटण. दोरा बदलून घ्या." मला वाटलं, आटोपलं, नकार आला. आठ दिवसांनी होकार आला आणि मी जन्माचा अडकलो.

अशा बाईला नोकरीही तोलामोलाची मिळाली. तारापूर एमआयडीसीत व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात ती बावीस वर्षं क्वालिटीत आहे. हातात मापं घ्यायचा व्हर्नियर, कानामागे लाल पेन्सिल. मी कामगारांची बस चालवतो. बसमध्ये पोरं तिला ‘रिजेक्शन मॅडम’ म्हणतात, आणि ड्रायव्हर तिचाच नवरा आहे हे माहीत असूनही म्हणतात. मी गिअर बदलतो. खोटं काय आहे त्यात?

तिच्या खात्यात एक शिस्त आहे. मालात दोष सापडला की त्याला लाल चिठ्ठी बांधायची. दोष काढला की मालाचा नवा कागद करायचा आणि लाल चिठ्ठी फाडून टाकायची, म्हणजे पुढे कुणाचा गोंधळ होत नाही. ही शिस्त कारखान्यात ठीक आहे. पण माणसाने ती घरात आणू नये, असं मी तिला लाख वेळा सांगितलं आहे.

घरात आणली ती टाईपरायटरांच्या पायी. लग्नाआधी तिने परभणीत मराठी टायपिंगची, मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा दिली होती, पहिल्या वर्गात पास झाली होती. सरकारी नोकरीचे सहा फॉर्म भरले. नोकरी आली नाही, मी आलो. टायपिंगचं नाव पुढे घरात निघालं नाही. मग आठ-नऊ वर्षांपूर्वी बोईसरच्या बबलू भंगारवाल्याकडे आम्ही जुना पंखा विकायला गेलो, तर लोखंडाच्या ढिगाखाली तिला एक निळी पेटी दिसली. उघडली तर आत इटालियन बनावटीचा छोटा टाईपरायटर, बाळ पाळण्यात ठेवावं तसा. तिने एक कळ दाबली. अक्षराची दांडी अर्ध्यावर उठली आणि तिथेच राहिली. वर्षाराणीचे डोळे असे काही चमकले की मी मनात म्हटलं, कैलास, पंखा गेला आणि हे आलं.

तेव्हापासून सतरा मशिनी झाल्या. सगळ्या पेटीतल्या, उचलून न्यायच्या. मोठी टेबलावरची मशीन ती घेत नाही, कारण आमच्या वन रूम किचनमध्ये दिवाणाखाली तेवढीच जागा आहे. नवी मशीन आली की आधी सगळी अक्षरं एका कागदावर टाईप करायची. भिंग लावून बघायची. जे अक्षर वर चढलंय, जे खाली बसलंय, ज्याचं पोट शाईने भरलंय, त्याभोवती लाल पेन्सिलीने गोल. मग महिना-दोन महिने दुरुस्ती. दोष गेला की पहिला कागद टरकन फाडायचा. तो आवाज तिला फार आवडतो. सतरांपैकी सोळा मशिनी इंग्रजी. मराठी एकच, गेल्या दिवाळीत बबलूकडून आलेली, हिरवट रंगाची. "मॅडम, ये तो आपकी भाषा में है," म्हणत त्याने ती खास बाजूला काढून ठेवली होती. त्या मशीनपायी आमचे पुढचे सहा-सात महिने गेले.

त्या मशीनचा ‘र’ वाकडा होता. उजवीकडे कलून शेजारच्या अक्षराच्या खांद्यावर डोकं टेकल्यासारखा उमटायचा. मराठीत ‘र’शिवाय चालत नाही, त्यामुळे सगळं पान लंगडत चाललंय असं वाटायचं. वर्षाराणीने तीन रविवार त्या एका दांडीवर घालवले. बारीक पक्कड, केसाएवढा दाब, पुन्हा टाईप, पुन्हा भिंग. तिसऱ्या रविवारी ‘र’ शिपायासारखा ताठ उभा राहिला. तिने पहिला कागद फाडला आणि त्या आनंदात मला शिरा करून घातला.

जानेवारीत एका सकाळी जिवल्या आणि बुधी आमच्या दारात उभे राहिले. सूर्या नदीच्या पलीकडच्या एका पाड्यावरचं हे वारली जोडपं, दोघंही साठीच्या आसपासची. जिवल्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात दुसरी पिशवी, तिच्यात तिसरी, आणि तिच्यात एक पिवळा कागद.

"बाय, मास्तरची मशीन तुमच्याकडं हाय, बबलूशेट बोलला," जिवल्या म्हणाला.

वर्षाराणीने त्यांना आत घेतलं, चहा टाकला, आणि हळूहळू सगळी हकीकत कळली. केळव्याचे अंकुश मास्तर नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी पाड्यांवर जात. सोबत हीच हिरवी मशीन. लोक पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेली डोंगरातली जमीन नावावर मिळावी म्हणून ते झाडाखाली बसून अर्ज टाईप करून देत. मास्तर वारले. मशीन त्यांच्या बहिणीच्या, मंदाताईंच्या माळ्यावर पडून राहिली. गेल्या वर्षी मंदाताईंनी समुद्रावर येणाऱ्या पाहुण्यांसाठी खोली काढली, माळा रिकामा केला आणि मशीन बबलूकडे गेली.

जिवल्याचं शेत एकोणचाळीस गुंठे. त्यात नाचणी आणि वरई. वनहक्काचा दावा मान्य व्हायला ती जमीन डिसेंबर दोन हजार पाचच्या आधीपासून तो कसतोय हे दाखवायला हवं होतं. एका म्हाताऱ्याचा जबाब होता आणि दुसरा पुरावा म्हणजे हा कागद, एकोणीसशे नव्व्याण्णवच्या जूनमधला अर्ज. पण ही कार्बन प्रत, हिच्यावर कचेरीचा शिक्का नाही. शिक्क्याची प्रत कुडाच्या घराचं छप्पर गळून कधीच कुजली. खालच्या पायरीवर दावा फेटाळला गेला. शेरा काय, तर कागद अलीकडे तयार केलेला दिसतो. आता पालघरला अपिलाची सुनावणी मार्चअखेर होती.

"तिथं पन नाय बोलले तर?" मी विचारलं. त्यांच्याशी बोलताना माझी जीभही तशीच वळायला लागली होती.

"तर संपला," जिवल्या म्हणाला. "दरसाल जंगलचा गार्ड येतो, बोलतो तुमी चोर. आवंदा बोलला, पुन्हा नांगर दिसला तर जप्त करीन."

मग त्याने कागदावर बोट ठेवलं. मास्तरांनी त्याला सहीपुरतं आणि त्याहून थोडं जास्त शिकवलं होतं. "ह्यो बघा. मास्तरचा र लंगडा. आख्ख्या पाड्याला ठाव हाय. ह्याच मशीनवर आता लिवून दाकवा सायबाला. लंगडा र बघल तं साहेब मानल."

मी वर्षाराणीकडे बघितलं. तिने हातातला चहाचा कप खाली ठेवला. पंचवीस वर्षांच्या संसारात मी तिला एकदाही ‘चुकलं’ म्हणताना ऐकलं नव्हतं. ती उठली, मशीन काढली, कागद घातला आणि एक ओळ टाईप केली. ‘र’ ताठ. एकदम सरळ.

"मी नीट केला हो काका," ती म्हणाली. "मीच. आणि आधीचा कागदही फाडून टाकला."

जिवल्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याने राग केला नाही, नुसता कागद परत तीन पिशव्यांत घालायला लागला. बुधीने त्याच्यासाठी पिशवीचं तोंड उघडून धरलं. ती मशीनकडे बघत होती. एखाद्याने रडावं, भांडावं, म्हणजे आपल्यालाही तोंड उघडता येतं. मला माझ्याच घरात बसवेना.

मग मी माझी अक्कल पाजळली. म्हटलं, "एवढं काय? पक्कड तुझी, दांडी तुझी. वाकव पुन्हा. कुणाला कळतंय?"

जिवल्याने आशेने वर पाहिलं. वर्षाराणीने माझ्याकडे असं बघितलं की मला ते तिसरं बटण आठवलं.

"वाकवला तर तो माझा र होईल, मास्तरांचा नाही," ती म्हणाली. "त्यांचा कागद खरा आहे. खऱ्या कागदाला खोटा साक्षीदार कशाला द्यायचा? उद्या पकडलं गेलं तर खरं असूनही चोर ठरतील." मग जिवल्याला म्हणाली, "काका, मास्तरांनी तुमच्या एकट्याचाच अर्ज केला नसेल ना?"

"नाय बाय. गावंच्या गावं केली."

"शिक्क्याच्या प्रती कुणाकुणाकडे असतील?"

"असतील. पन लोकं दाकवाचे नाय. कागूद हातातून गेला का येत नाय परत."

"हातात घेणारच नाही मी. त्यांनीच धरायचा, मी बघायचं."

आणि तसंच झालं. पुढचे नऊ रविवार आणि दोन शनिवार आम्ही पाडे पालथे घातले. स्कूटरवर मी पुढे, मागे ती, तिच्या गळ्यात भिंग. जिवल्या आदल्या दिवशी चालत जाऊन निरोप देऊन यायचा, नाहीतर आम्हाला कुणी दारात उभं केलं नसतं. कुणाचा कागद पत्र्याच्या डब्यात, कुणाचा भाताच्या कणगीत, एका म्हातारीचा तर उशीच्या खोळीत शिवलेला. ती म्हातारी कागद दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली आणि वर्षाराणी तिच्यापुढे गुडघे टेकून भिंगातून वाचत राहिली. बाहेर मी उन्हात स्कूटरशी. कंबर मोडली माझी, आणि तेही सांगायची सोय नाही, कारण स्वतःची कंबर ती मोजतच नव्हती. एका पाड्यावरून कागद न दाखवताच हाकललं, तर पुढच्या रविवारी ही बाई पुन्हा तिथेच. तिसऱ्या खेपेला त्यांनीच पाणी दिलं आणि कागदही.

शिक्क्याचे अकरा कागद मिळाले, सत्त्याण्णवपासून दोन हजार चारपर्यंतचे. अठ्ठ्याण्णवपासून पुढे सगळ्यांत ‘र’ वाकडा. म्हणजे जिवल्याचा कागद मास्तरांच्याच मशीनवरचा, एवढं पक्कं झालं. पण कधीचा? ‘र’ काही तारीख सांगत नव्हता. शिक्का नाही तर तारीख नाही, आणि तारीख नाही तर जमीन नाही. सुनावणीला बारा दिवस उरले तेव्हा मी तिला म्हटलं, पुरे कर आता. ती म्हणाली, "तुम्ही घरी थांबा. मी बसने जाते." मग काय, काढली स्कूटर.

त्या दिवशी परतताना चिल्हारच्या रस्त्यावर ती एकदम माझ्या पाठीवर थापा मारायला लागली. "थांबवा. थांबवा हो गाडी!" मला वाटलं विंचू. रस्त्याच्या कडेला तिने मोबाईलवरचे कागदांचे फोटो उघडले आणि एकामागून एक माझ्या नाकासमोर धरले.

"हा ळ बघा. ‘मिळणेबाबत’ मधला. पूर्ण आहे? आता हा बघा, दोन हजार दोन, फेब्रुवारी."

दुसऱ्या कागदातला ‘ळ’ अर्धा होता. उजवं वेटोळंच नव्हतं. त्याच्या आधीच्या प्रत्येक कागदात ‘ळ’ अख्खा, त्याच्या नंतरच्या प्रत्येकात तुटका. आणि आमच्या घरातल्या मशीनचा ‘ळ’ तुटकाच आहे. अक्षराच्या खिळ्याचा कपचा उडालाय, दुसरा खिळा कुठे मिळत नाही, म्हणून तो एवढाच दोष तिच्या हातून सुटला होता. जिवल्याच्या कागदावर ‘र’ वाकडा, पण ‘ळ’ अख्खा. म्हणजे तो कागद फेब्रुवारी दोन हजार दोनच्या आधीच निघालेला. आज कुणी ठरवलं तरी या मशीनवर तो निघू शकत नाही.

मी भर रस्त्यात तिचा हात धरला. मागून ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर बायकोचा एवढा अभिमान वाटणं चांगलं नाही, डोक्यावर बसते. पण वाटला, काय करणार!

सुनावणीला कागदवाले अकराच्या अकरा जण आपापला कागद हातात धरून पालघरला आले. साहेब तरुण होते, पण कंटाळलेले. वर्षाराणीने आधी मशीन टेबलावर ठेवली.

"टाईप करून दाखवा," साहेब म्हणाले. तिने ओळ टाईप केली. त्यांनी कागद उचलला. "अहो, पण तुमच्या म्हणण्याप्रमाणे र वाकडा हवा ना? हा तर सरळ आहे."

"मी सरळ केला साहेब. कागदाचं मला माहीत नव्हतं, म्हणून दुरुस्त केला. लेखी देते."

"म्हणजे पुराव्याच्या वस्तूत तुम्ही बदल केलाय."

"केलाय. म्हणूनच माझ्या र वर विश्वास ठेवू नका. या अकरा कागदांवर तुमच्या कचेरीचे शिक्के आहेत, त्यांच्यातला बघा. आणि आता तुम्ही स्वतः ळ टाईप करा."

साहेब हसले, पण उठून आले. एक बोट उगारून त्यांनी ‘ळ’ मारला. अर्धा. पुन्हा मारला, जोर लावून. पुन्हा अर्धा. पाच वेळा मारला. मग खुर्ची ओढून बसले, भिंग मागितलं, आणि पाऊण तास एकेक कागद बघत राहिले. वर्षाराणी तारखा सांगत होती आणि तिचा आवाज जराही हलत नव्हता. शेवटी त्यांनी विचारलं, "तुम्ही कोण? अक्षरतज्ज्ञ?"

"नाही. कारखान्यात क्वालिटीत आहे."

मे महिन्यात निकाल आला. दावा मान्य. आम्ही जिवल्या-बुधीबरोबर पालघरला गेलो. खिडकीतल्या कारकुनाने आदेश सरकवला आणि सहीची जागा दाखवली. जिवल्याने पेन घेतलं. वर्षाराणीने त्याच्या हाताखालून कागद काढून घेतला आणि वाचायला लागली. पहिल्या अक्षरापासून. मागे रांग खोळंबली, मी खाली मान घातली.

"क्षेत्र अडतीस गुंठे लिहिलंय," ती म्हणाली. "पंचनाम्यात एकोणचाळीस आहे."

"जळकी पडीक जागा वगळली असेल. एका गुंठ्याने काय होतं?" कारकून म्हणाला.

"जाव दे बाय," जिवल्या कळवळून म्हणाला. "येवढा भेटला. घेऊ दे."

खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. हातातोंडाशी आलेला घास, एका गुंठ्यासाठी कशाला ताणायचं? आम्ही परभणीकडची माणसं, आम्हाला गुंठा दिसतच नाही, आम्ही एकरात बोलतो.

तेव्हा बुधी पुढे आली. मी तिचा आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"ती पडीक नाय. ती राबाची जागा हाय. पाला, शेण टाकून जाळतो, म्हून काळी. तिथंच रोप होतं नाचणीचं. राब गेला तं अडतीस गुंठ्यात काय लावू? धोंडे?"

वर्षाराणीने आदेश घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि सरळ साहेबांच्या दालनाबाहेरच्या बाकावर जाऊन बसली. शेजारी बुधी. शिपाई म्हणाला साहेब मीटिंगमध्ये आहेत. बसल्या. म्हणाला आज भेटणार नाहीत. बसल्या. तीन तास दोघींनी पाणीसुद्धा मागितलं नाही. साहेब जेवायला निघाले तेव्हा त्यांनी हिला ओळखलं आणि दारातच थांबले. राब म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. बुधीने त्यांना तिथेच उभ्या उभ्या सांगितलं, पाला कसा रचायचा, कधी जाळायचा, बी कधी टाकायचं. त्यांनी पंचनामा मागवला, अडतीस खोडून एकोणचाळीस केलं, बाजूला सही केली, शिक्का मारला. मग जिवल्याने सही केली. ‘जिवल्या’ एवढंच लिहायला त्याला दोन मिनिटं लागली आणि कुणी घाई केली नाही.

बाहेर आल्यावर वर्षाराणी रडली. उघड्यावर, लोकांसमोर, पदर न लावता.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पाड्यावर गेलो. बुधीने सुकलेला पाला पसरून ठेवला होता, वर माती भुरभुरली होती. काडी ओढायच्या आधी ती सवयीने खालच्या वाटेकडे बघायला लागली, गार्ड येतोय का म्हणून. मग स्वतःच थांबली. राब पेटला, धूर सरळ वर गेला, आणि ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "इतकी वर्सं जाळला. आवंदा कुनाला नाय भ्याली."